मैदानाची वहिवाट

परक्या माणसाला कोल्हापूरची ओळख करून द्यावयाची तर अंबाबाईचे देवालय, रंकाळा आणि पंचगंगेचा घाट यांच्या बरोबरीने येथील तालमींचा आणि मैदानांचा उल्लेख केल्यावाचून ती ओळख पुरी होत नाही. खासबाग, गांधी मैदान, शाहू स्टेडियम, शिवाजी स्टेडियम, मेरी वेदर, शास्त्रीनगर, तपोवन या नावांना पेठापेठांच्या अभिमानाचे, ईर्षेचे आणि मैत्रीचे इतिहास चिकटलेले आहेत. फुटबॉलचा मोसम सुरू झाला की पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी अशा संघांच्या नावाने घराघरांत पक्ष पडतात, आणि सामन्याच्या दिवशी गल्लीतील वृद्धापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांच्या बोलण्याचा विषय एकच असतो. खेळावर इतकी माया करणारे दुसरे शहर महाराष्ट्रात सापडणे कठीण. म्हणूनच या शहराला एक प्रश्न आपुलकीने, परंतु स्पष्टपणे विचारला पाहिजे: ज्या मैदानांवर येथील मुलगे लहानाचे मोठे झाले, त्या मैदानांवर त्यांच्या बहिणींना किती जागा मिळाली, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मिळाली?

मैदानाची मालकी एक आणि वहिवाट दुसरी, हे या प्रश्नाच्या मुळाशी असलेले सत्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ अन्वये शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी ज्या जागा राखून ठेवल्या जातात, त्यांच्या दस्तऐवजात मुलगा आणि मुलगी असा भेद कोठेही केलेला नसतो. आणि १९७२ साली कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यापासून तिच्या ताब्यातील मैदानांचा जो कारभार चालतो तोही कायद्याने सर्व नागरिकांच्या वतीनेच चालतो. परंतु शेतजमिनीच्या व्यवहारात सात-बाराच्या उताऱ्यावर नाव एकाचे आणि प्रत्यक्ष कसणूक दुसऱ्याची, असा प्रकार जसा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो, तसाच प्रकार या मैदानांच्या बाबतीत झाला आहे. उतारा सर्वांच्या नावे आहे. वहिवाट मात्र मुलग्यांची आहे. ही वहिवाट कोणी जबरीने मिळवलेली नाही, तिच्यासाठी कोणी जाहीरनामा काढलेला नाही, आणि मुलींनी येथे येऊ नये अशी पाटीही कोठे लावलेली नाही; तिचा कर्ता कोणीच नसल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार कोठे रुजू करावी हेही कोणाला उमगत नाही.

या वहिवाटीचा उगम समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले आणि १९०२ साली त्यांनी युरोपचा प्रवास केला. रोम येथील प्राचीन कलोसियम पाहून त्यांच्या मनात जी कल्पना रुजली, तिचे मूर्त स्वरूप म्हणजे १९१२ साली सिद्ध झालेले खासबागेचे कुस्ती-मैदान होय. मध्यभागी मातीचा हौदा आणि त्याच्या सभोवार चढत गेलेला उतार, अशी त्याची रचना असल्यामुळे कोठेही बसलेल्या प्रेक्षकाला कुस्ती विनाअडथळा दिसते. सामान्य रयतेला राजाच्या बरोबरीने खेळ पाहता यावा ही दृष्टी त्या रचनेत स्पष्ट आहे. महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, दूरदूरचे मल्ल येथे आणले, आणि जातिधर्माचा विचार न करता गुणी पैलवानाला खुराक आणि मान मिळेल अशी तजवीज केली. पेठेपेठेतील तालीम ही त्यामुळे केवळ जोर-बैठका काढण्याची जागा राहिली नाही. उत्सव, मोहरमचे पंजे, लग्नकार्य, भांडणतंटा, महापुराचे संकट अशा प्रत्येक प्रसंगी पेठेने जेथे एकत्र यावे अशी ती एक सामाजिक संस्था बनली.

परंतु या थोर संस्थेच्या रचनेत मुलीला स्थान नव्हते. हौद्याच्या मातीत स्त्रीने उतरू नये हा पूर्वापार संकेत, वस्ताद पुरुष, पठ्ठे मुलगे, आणि तालमीच्या कट्ट्यावरची बैठकही पुरुषांचीच, अशी ती सृष्टी होती. पुढे याच तालीम मंडळांच्या कुशीतून फुटबॉलचे संघ निघाले, तेव्हा मंडळाचे नाव, निष्ठा आणि शिस्त यांच्यासमवेत हा संकेतही हौद्यातून उठून मोकळ्या मैदानावर आला. कुस्तीच्या मातीविषयीची समजूत चेंडूच्या खेळाला लागू पडण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. तथापि जी संस्था मैदान मागते तिच्यात मुलगी सभासद नाही, आणि जी सभासद नाही तिच्यासाठी मैदान मागणारे कोणी नाही, अशी साखळी तयार झाली. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्यासारख्या कर्तबगार स्त्रीकडे सोपवली, आणि आपली विधवा स्नुषा इंदुमती राणीसाहेब यांच्या शिक्षणाची सोनतळी येथे स्वतंत्र व्यवस्था केली. शाळेचे दार मुलीसाठी अशा रीतीने उघडले; मैदानाचे दार उघडण्याचे काम मात्र पुढल्या पिढ्यांवर राहिले, आणि त्या पिढ्यांनी ते पुरे केले नाही.

आता ही वहिवाट प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. मैदान सकाळी आणि सायंकाळी, म्हणजे उन्हाची तलखी नसते तेव्हाच, खेळण्याजोगे असते. त्यातही शाळा-कॉलेज सुटल्यानंतरचे पाच ते सातचे दोन तास सर्वांत मोलाचे. या दोन तासांत मैदानावर जो आधी पोचेल, ज्याची टोळी मोठी असेल आणि ज्याचा खेळ अधिक जागा व्यापील त्याचे मैदान, असा अलिखित कायदा असतो. मोठ्या मुलांचा सामना सुरू झाला की लहान मुले कडेला सरकतात, आणि लहान मुलांच्याही पलीकडे, कठड्याशी किंवा रस्त्यालगतच्या पायरीवर, मुली उभ्या राहतात. त्यांना कोणी हाकलीत नाही. चेंडू वेगाने अंगावर येतो, खेळणारा तोल सावरीत येऊन आदळतो, कोणी तरी टवाळीचा शब्द उच्चारतो, आणि चार दिवसांनी त्या मुली तेथे येईनाशा होतात. मग लोक म्हणतात, मुलींना खेळाची आवडच नाही.

जागेचे गणितही येथे नीट मांडून पाहण्यासारखे आहे. फुटबॉलचे पूर्ण मापाचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७१४० चौरस मीटरांचे असते व त्यावर २२ खेळाडू खेळतात. खो-खोचे क्रीडांगण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटरांचे. महिला कबड्डीचे १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे अवघे ९६ चौरस मीटरांचे. क्षेत्रफळाने पाहिले तर फुटबॉलचे एक मैदान खो-खोच्या सोळा क्रीडांगणांहून मोठे असते. फुटबॉल मुलींनी खेळू नये असा याचा अर्थ कोणी करू नये. त्यांनी तोही खेळावा आणि पूर्ण मापाच्या मैदानावर खेळावा. अर्थ इतकाच की मैदान अपुरे आहे म्हणून मुलींना जागा देता येत नाही, हे कारण तपासून पाहिले असता टिकत नाही. एकाच खेळाला सबंध मैदान आणि सबंध सायंकाळ देण्याची आपली जी सवय आहे, तिच्यामुळेच बहुतांशी ते अपुरे ठरते.

जागेइतकाच वेळेचा प्रश्न बिकट आहे. भारत सरकारने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे दिसून आले की घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देतात. या पाहणीत सहा वर्षांवरील सर्वांचा समावेश होता, म्हणजे आईच्या हाताखाली राबणारी मुलगीही त्यात आली. मुलगा दप्तर टाकून मैदानाकडे धाव घेतो त्या वेळी मुलीकडून पाणी भरणे, भाजी निवडणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे अपेक्षित असते, आणि ही कामे आटोपून ती मोकळी होते तेव्हा दिवेलागण झालेली असते. दिवेलागणीनंतर ज्या मैदानावर दिवा नाही, ज्याच्या वाटेवर रहदारी नाही, जेथे स्वच्छतागृह नाही आणि कपडे बदलण्यास आडोसा नाही, तेथे कोणते आईबाप तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पाठवतील? ऋतुप्राप्तीच्या वयात तर स्वच्छतागृहाचा अभाव हे एकच कारण तिचा खेळ कायमचा थांबवण्यास पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१६ सालच्या आकडेवारीवरून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार ११ ते १७ वर्षे वयाच्या शंभर मुलग्यांपैकी ७८ आणि शंभर मुलींपैकी ८५ जणी शरीराला आवश्यक तेवढी हालचाल करीत नाहीत. अवस्था सर्वांचीच चिंताजनक आहे, आणि मुलींची अधिक.

मुलींची पात्रता हा वादाचा विषय होऊच शकत नाही, आणि कोल्हापुरात तर मुळीच नाही. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची कन्या ताराराणी हिने मोगल बादशहाशी झुंज देऊन ज्या राज्याचा पाया घातला, त्या राज्याच्या या राजधानीत स्त्रीच्या शौर्याचे पुरावे मागण्याचे कारण नाही. खो-खोच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचा पहिला प्रवेश १९६०-६१ साली झाला तो कोल्हापुरातच. येथील तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि नेमबाजीत असे यश संपादणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, आणि आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला हा मान तिच्याकडे गेला. अनुजा पाटील हिने भारताच्या ट्वेंटी-२० संघातून क्रिकेट खेळून या शहराचे नाव दूरवर नेले.

या यशाकडे केवळ अभिमानाने पाहून न थांबता त्यातून काही शिकता येते काय, हे पाहिले पाहिजे. नेमबाजीच्या केंद्रावर प्रत्येक नेमबाजाला स्वतःची अशी एक लेन असते. तिला क्रमांक असतो, तिची वेळ नोंदवहीत लिहिलेली असते, आणि त्या वेळी त्या ठिकाणी उभे राहण्याचा अधिकार त्या नोंदीवरून सिद्ध होतो. शेजारच्या लेनमधील मुलगा कितीही दांडगा असला तरी त्याला तेथे घुसता येत नाही. गुणवत्ता, परिश्रम, मार्गदर्शक आणि आईबापांचा त्याग यांचे मोल कमी न करता असे म्हणता येईल की जेथे जागेचे वाटप नोंदीने होते तेथे मुलीचा मार्ग निदान जागेपाशी तरी अडत नाही. आणि जेथे ते वहिवाटीने होते तेथे पहिल्याच पावलाला अडथळा उभा राहतो. मुलींनी कोणत्या खेळात पुढे जावे हे अशा रीतीने त्यांच्या आवडीपेक्षा जागेच्या व्यवस्थेवरून ठरू लागते.

कुस्तीचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे, कारण ज्या क्षेत्रात संकेत सर्वांत कठोर होता तेथेच तो सर्वांत ठळकपणे मोडला. कागल तालुक्यातील मुरगूड येथील कुस्ती संकुलात मुलींना मॅट आणि नियमित सराव मिळाला, आणि तेथून नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे यांच्यासारख्या मल्ल पुढे आल्या. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ साली सुरू झाला. स्त्रियांसाठी तशी स्पर्धा व्हावयास २०२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सांगली येथे झालेल्या पहिल्या स्पर्धेत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने हा मान मिळवला, आणि त्यानंतर कोल्हापूरच्या अमृता पुजारी हिनेही तो पटकावला. बासष्ट वर्षांच्या या अंतरात मुलींच्या अंगात बळ नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्यासाठी आखाडा नव्हता, इतकेच.

जागा नाकारणे हे खेळ नाकारण्याचे सर्वांत परिणामकारक साधन आहे, हे फुटबॉलच्या इतिहासात तर दप्तरी नोंदले गेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींनी संघ उभारले. प्रेस्टन येथील डिक, केर कारखान्याच्या संघाचा सामना २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर झाला तेव्हा सुमारे ५३ हजार प्रेक्षक लोटले होते, आणि अशा सामन्यांचे उत्पन्न धर्मादाय कामांना जात असे. वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने आपल्या सर्व संलग्न क्लबांना ताकीद दिली की त्यांनी आपली मैदाने स्त्रियांच्या सामन्यांसाठी देऊ नयेत. स्त्रियांना खेळण्याची मनाई करण्याची सत्ता असोसिएशनला नव्हती. मैदान बंद करण्याची मात्र होती, आणि तेवढी पुरेशी ठरली. बंदी उठण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली, आणि त्या अवधीत एका सबंध परंपरेचा ऱ्हास झाला. इंग्लंडमध्ये जे लेखी हुकमाने घडले ते आपल्याकडे अलिखित संकेताने घडले, आणि दोहोंचा परिणाम एकच झाला.

ज्या समाजांनी हा दोष ओळखला त्यांनी तो दूर करण्याचे मार्गही शोधले. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १९९८ साली मुलींच्या एका सॉफ्टबॉल संघटनेने नगर प्रशासनाविरुद्ध दावा लावला. मुलग्यांच्या संघटनांना शहराची उत्तम राखलेली मैदाने मिळतात, आणि आम्हाला मात्र निकृष्ट जागांवर दिवस काढावे लागतात, अशी त्यांची कैफियत होती. पुढील वर्षी तडजोड होऊन शहराने मुलींसाठी खास कार्यक्रम आखला, आणि २००४ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला की शहरांनी आणि परगण्यांनी आपल्या युवक-क्रीडा कार्यक्रमांत मैदाने आणि सोयी देताना मुलगे-मुली असा पक्षपात करता कामा नये. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराने वेगळी वाट धरली. तेथील उद्यानांची पाहणी १९९० नंतरच्या दशकात झाली तेव्हा असे आढळले की वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास मुली उद्यानांतून दिसेनाशा होतात. मग मार्गारेटेन विभागातील दोन उद्यानांची फेररचना करण्यात आली. चेंडूच्या खेळाच्या कुंपणबंद जागेला एकाऐवजी अनेक रुंद वाटा केल्या, मोठ्या जागेचे लहान भाग पाडले, व्हॉलीबॉल व बॅडमिंटनची सोय केली, दिवे आणि पायवाटा सुधारल्या. आणि मुली परत येऊ लागल्या. त्यांच्या स्वभावात काही बदल झाला नव्हता. बदलली होती ती जागा.

दूरदेशीची उदाहरणे आपल्याला लागू पडत नाहीत असे कोणास वाटत असेल तर त्याने ठाणे जिल्ह्यातील मुंब्र्याकडे पाहावे. तेथे २०१२ पासून ‘परचम’ या गटाच्या पुढाकाराने मुली फुटबॉल खेळू लागल्या, आणि मुलींसाठी मैदान राखून ठेवावे ही मागणी त्यांनी सह्या गोळा करून लोकप्रतिनिधींपुढे मांडली. दाट वस्ती, बेताची मिळकत आणि कडक सामाजिक बंधने असलेल्या वस्तीतील मुलींनी ही मागणी केली, हे ध्यानात घेतले म्हणजे मुलींना आवड नाही या म्हणण्यातील पोकळपणा उघड होतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की सार्वजनिक जागी असण्यासाठी स्त्रीला सदैव काही तरी कारण दाखवावे लागते. पुरुषाला ते लागत नाही. मैदानावरची नोंदलेली वेळ मुलीला असे निर्विवाद कारण मिळवून देते.

कायद्याची बाजू तर निःसंदिग्ध आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडानुसार सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणावरही निर्बंध येऊ देता येत नाही. आणि त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची राज्याला मुभा देतो. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याविषयीचा १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ साली मान्य केला, आणि खेळांत व शारीरिक शिक्षणात स्त्रियांना समान संधी देणे हे त्यातील एक स्पष्ट बंधन आहे. परंतु कोल्हापूरकराला यासाठी दिल्लीकडे किंवा परदेशाकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा यांत अस्पृश्यता पाळली जाऊ नये असे हुकूम शाहू महाराजांनी १९१९ साली काढले, तेव्हा तेथेही मालकी सर्वांची आणि वहिवाट काहींची हीच स्थिती होती. लोकांची मने आपोआप बदलतील आणि मग पाणवठे खुले होतील, अशी वाट ते पाहत बसले नाहीत. प्रथम हुकूम आणि त्याचा अंमल, मग मनांचा पालट, हा क्रम त्यांनी पत्करला. सार्वजनिक जागेच्या न्यायाचा हा धडा या शहराच्या स्वतःच्या दप्तरात आहे.

दोन आक्षेपांचा विचार मात्र प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला असा की मैदाने आधीच थोडी, त्यांतून मुलींना वाटा दिला तर गरिबाघरच्या मुलग्यांनी जावे कोठे? ही चिंता रास्त आहे. परंतु टंचाईचे ओझे एकाच पक्षाने वाहावे हा तिच्यावरचा उपाय होऊ शकत नाही. मैदानांवरची वाहनतळे, मंडप आणि अतिक्रमणे हटवणे आणि आराखड्यातील राखीव जागा प्रत्यक्षात ताब्यात घेणे हा खरा उपाय आहे, आणि मुलींची मागणी नोंदली गेली तर तो रेटण्यास शहरातील आणखी अर्धी लोकसंख्या पुढे येईल. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. काळजीपोटीच तो घेतला जातो, यात शंका नाही. तथापि ज्या जागी मुली विरळ त्या जागी एकट्या मुलीला भय अधिक, आणि जेथे त्या रोज वीस-पंचवीसच्या संख्येने येतात तेथे ते पुष्कळ कमी होते. घरी बसवून मुलगी सुरक्षित राहील, पण मैदान मात्र कधीच सुरक्षित होणार नाही.

उपाय अवघड नाहीत आणि फारसे खर्चाचेही नाहीत. प्रत्येक सार्वजनिक मैदानाची वेळांची नोंदवही असावी आणि तिचा तक्ता प्रवेशद्वारी ठळकपणे लावावा. सायंकाळच्या मोलाच्या तासांतील निश्चित वाटा मुलींसाठी लिहून ठेवावा. दुपारच्या कडक उन्हातील तास देऊन समानतेचे समाधान मानू नये. मोठ्या मैदानावर आखणी करून एका बाजूस खो-खो, कबड्डी आणि व्हॉलीबॉलची क्रीडांगणे सिद्ध करावीत, आणि आठवड्यातील काही दिवस पूर्ण मैदान मुलींच्या फुटबॉल व क्रिकेटला द्यावे. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, दिवे आणि मुख्य रस्त्यापर्यंतची उजेडाची वाट यांना अंदाजपत्रकात प्रथम स्थान मिळावे. महिला प्रशिक्षकांची पगारी नेमणूक व्हावी, कारण खेळ शिकवणारी ताई मैदानावर नित्य दिसू लागली की आईबापांचा अर्धा संकोच तेथेच संपतो. जे मंडळ सार्वजनिक मैदान किंवा अनुदान मागते त्याने मुलींचा संघ चालवावा अशी अट असावी. आणि वर्षातून दोनदा, ठराविक दिवशी व ठराविक तासाला, प्रत्येक मैदानावर किती मुलगे आणि किती मुली खेळत होत्या याची मोजदाद करून ती जाहीर करावी. ज्याची मोजणी होते त्याकडे कारभाराचे लक्ष राहते.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा मैदानाच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात आता पुरेसे आहेत, आणि हे काम त्यांनी आपले मानावे. परंतु खरी विनंती आहे ती तालमींना आणि मंडळांना. पेठेतील लोकांचा तुमच्या शब्दावर जेवढा विश्वास आहे तेवढा कोणत्याही कचेरीच्या हुकमावर नाही. महापुरात तुम्ही घरोघर धावून जाता, उत्सवात सबंध पेठ तुमच्या मागे उभी राहते, आणि तुमच्या संघासाठी घरातील मुलगीही तितक्याच तळमळीने घोषणा देते. त्या मुलीला प्रेक्षकांतून मैदानावर आणण्याचे सामर्थ्य तुमच्यात आहे. येता मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने आपल्या सरावाच्या वेळापत्रकात मुलींचे तास लिहावेत, ते पेठेत जाहीर करावेत, आणि वर्षभर कसोशीने पाळावेत.